सिनेटच्या पायऱ्यांवर बसणारी मुलं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'पेज' म्हणून काम करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांवर एक छोटी चौकट दिली होती. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी आत्ता दहावीत आहे आणि पुढच्या वर्षी सिनेट पेज व्हायचं तिच्या डोक्यात बसलंय. साधारण पाच महिने वॉशिंग्टनला राहायचं, शाळा पण तिथेच. मिस्टर म्हणतात अकरावी हे सगळ्यात महत्त्वाचं वर्ष, त्यात हे कशाला. सासूबाई म्हणतात मोठ्या लोकांना पाणी नेऊन द्यायला पोरीला एवढ्या लांब का पाठवायचं. मला त्या दोघांचंही पटतं आणि पोरीचंही पटतं. काय करू?

आधी सासूबाईंचा मुद्दा घेते, कारण त्या म्हणतायत त्यात खोटं काही नाही. पाणी द्यावं लागतंच. कोणी सिनेटर बोलायला उभा राहणार असला की त्याच्या डेस्कवर भाषणाचा छोटा स्टँड नेऊन ठेवायचा, पाण्याचा ग्लास ठेवायचा, तक्ते दाखवायचे असतील तर ते लावायची सोय करायची, कोणी दुरुस्ती मांडली की तो कागद घेऊन समोर क्लार्कच्या टेबलापर्यंत जायचं, क्लोकरूममधून, म्हणजे सभागृहाला लागून असलेल्या पक्षाच्या खोलीतून, निरोप आणायचे, या ऑफिसातून त्या ऑफिसात कागद पोचवायचे. बाकीचा वेळ सभापतींच्या आसनाखालच्या पायऱ्यांवर बसून राहायचं आणि कोण बोलावतंय तिकडे नजर ठेवायची. काम हे एवढंच आहे, यापेक्षा मोठं काही सांगून मी तुम्हाला भुलवणार नाही.

पण हे काम कुठे उभं राहून करायचंय तेही बघा ना. पत्रकारांना त्या फ्लोअरवर, म्हणजे सिनेटर बसतात त्या मुख्य सभागृहात, पाय ठेवता येत नाही, ते वर गॅलरीत बसतात. सामान्य माणूसही गॅलरीतच. सिनेटरच्या स्वतःच्या ऑफिसातल्या माणसालाही आत यायचं तर परवानगी लागते. आणि तुमची सोळा वर्षांची लेक तिथे दिवसभर असणार. टीव्हीवर आपल्याला फक्त बोलणारा माणूस दिसतो, पण तिला दिसेल की तो बोलत असताना बाकीच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या आहेत, मग कोणीतरी कोरम कॉल, म्हणजे पुरेसे सदस्य हजर आहेत का ते बघायला हजेरी, मागतो, क्लार्क एकेक नाव सावकाश वाचत बसतो, आणि खरी बोलणी मात्र त्याच वेळी मागे क्लोकरूममध्ये चाललेली असतात, आणि मग मतदानाची वेळ झाली की शंभरच्या शंभर माणसं आत येतात आणि दहा मिनिटांपूर्वी एकमेकांवर तुटून पडलेले दोघं शेजारी उभे राहून गप्पा मारतात. कायदा कसा होतो हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात चार पायऱ्यांत दिलेलं असतं, तिथे ते तास न् तास बघायला मिळतं. माझ्या मते पाठवण्याचं खरं कारण हे आहे.

आता अभ्यासाचं. पेज मुलांची वेगळी शाळा आहे, सिनेटचीच, ती ज्या हॉस्टेलमध्ये राहतात त्या वेबस्टर हॉलच्या तळमजल्याखाली. वर्ग सकाळी सव्वासहाला सुरू होतात. हो, सव्वासहा. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे विषय, पावणेदहापर्यंत किंवा सिनेट सुरू व्हायच्या तासभर आधीपर्यंत, मग गडद निळा सूट, पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी आणि पेजची पिन लावून कॅपिटॉलला, म्हणजे संसदभवनात. तिथे आधी सभागृह तयार करायचं आणि मग सभागृहाचं काम संपेपर्यंत आळीपाळीने ड्युटी. बजेटच्या वेळी दुरुस्त्यांवर मतदान रात्रभर चालतं तेव्हा ही मुलंही तिथे असतात. फार उशीर झाला तर दुसऱ्या दिवशीच्या शाळेत सवलत मिळते, पण झोपेचे हाल होतात ते होतातच.

त्यामुळे तुमच्या मिस्टरांची काळजी मला रास्त वाटते. ती छोटी शाळा आहे, तुमच्या हायस्कूलमध्ये मिळतात तेवढे ॲडव्हान्स्ड विषय तिथे मिळतीलच असं नाही. म्हणून अर्ज करायच्या आधीच तिच्या आत्ताच्या शाळेच्या काउन्सेलरला भेटा, कोणते क्रेडिट धरले जातील, कोणता विषय मागे पडेल, तो कधी भरून काढायचा हे सगळं लेखी घ्या. मुलं अर्जाच्या निबंधावर महिनाभर घालवतात आणि हे काम राहून जातं. दुसरं म्हणजे नुसता उन्हाळ्यातला काही आठवड्यांचा कार्यक्रमही असतो, त्यात शाळा नसते. मिस्टर अजिबातच तयार नसतील तर तो मधला मार्ग आहे.

आणि सासूबाईंना हेही सांगा की तिला याचा पगार मिळणार आहे. त्यातून टॅक्स आणि राहण्याजेवणाचे पैसे कापले जातात, पण कामाचे पैसे मिळतात. मी तुमच्या जागी असते तर पाठवलं असतं, पण मुलीनं स्वतःहून हट्ट धरलाय म्हणून. आईबापांच्या हौसेखातर गेलेल्या मुलाला ती पहाटेची शाळा आणि रात्रीची ड्युटी दुसऱ्या आठवड्यातच नकोशी होईल.

प्रश्न: माझा भाऊ म्हणतो हा पेज कार्यक्रम कधीच बंद झालाय आणि तुम्ही जुनी माहिती छापली. खरं काय?

भावाचं अर्धं बरोबर आहे. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, दोन सभागृहं, सिनेट आणि हाऊस, आणि दोन्हीकडे पेज होते. त्यातलं हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जचं बंद झालं, ऑगस्ट २०११ मध्ये. स्पीकर जॉन बेनर आणि विरोधी पक्षनेत्या नॅन्सी पलोसी यांनी मिळून तो निर्णय जाहीर केला, कारण दिलं की वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर खर्च होतो आणि ईमेल आणि मोबाइल आल्यापासून निरोप पोचवायला मुलांची गरज उरली नाही. सिनेटचा कार्यक्रम चालू राहिला. कोविडमध्ये २०२० साली थांबला होता, तो परत सुरू झाला. एका वेळी साधारण ३० मुलं असतात.

मला विचाराल तर हाऊसचा तो निर्णय चुकला. दोन्ही पक्षांचे नेते फारसे कशावर एकत्र येत नाहीत, ते नेमके यावर एकत्र आले याचं आजही वाईट वाटतं. निरोप पोचवायचं काम संपलं हे मान्य, पण मुलांना तिथे ठेवायचं कारण फक्त निरोप नव्हतं ना. देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातनं आलेली, वेगवेगळ्या घरातली, वेगवेगळ्या पक्षांच्या वतीने आलेली मुलं एका छताखाली राहायची आणि कायदे होताना बघायची, त्या गोष्टीचा हिशोब ईमेलच्या खर्चाशी कसा लावणार. खर्च जास्त होता तर मुलं कमी घ्यायची, मुक्काम कमी करायचा, मार्ग निघाला असता.

प्रश्न: मुलगा जायचं म्हणतोय पण मी इंटरनेटवर वाचलं की पूर्वी तिथे खासदारांनीच पेज मुलांशी गैरवर्तन केल्याची प्रकरणं झालीत. बाप म्हणून भीती वाटते. स्पष्ट सांगाल का?

स्पष्ट सांगते. झालीत. १९८३ साली हाऊसने आपल्याच दोन सदस्यांवर, डॅन क्रेन आणि गेरी स्टड्स यांच्यावर, १७ वर्षांच्या पेजशी संबंध ठेवल्याबद्दल अधिकृत निंदेचा ठराव केला. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, म्हणजे हा कुठल्या एका पक्षाचा रोग नव्हता. आणि २००६ साली फ्लोरिडाचे मार्क फोली यांनी माजी पेज मुलांना पाठवलेले अश्लील मेसेज बाहेर आले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा सगळ्यात जास्त राग लोकांना याचा आला की काही वरिष्ठांपर्यंत तक्रार आधी पोचली होती तरी ती गांभीर्याने घेतली गेली नव्हती.

या तिन्ही माणसांची नावं हाऊसची आहेत, सिनेटची नाहीत, पण तेवढ्यावर निर्धास्त व्हा असं मी म्हणणार नाही. जिथे एका बाजूला एवढी सत्ता आणि दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचं पोर असतं तिथे धोका असतोच. फरक काय पडलाय ते सांगते. एके काळी या मुलांना राहायची सोयसुद्धा कोणी करत नव्हतं, शहरात खोली शोधून आपापलं राहायचं, चौदा-पंधरा वर्षांची मुलं, विचार करा. ऐंशीच्या दशकातल्या त्या प्रकरणानंतर वयाची अट वाढली, मुलं अकरावीचीच घ्यायची असं ठरलं आणि देखरेखीखालच्या हॉस्टेलची व्यवस्था झाली. सिनेटचं आत्ताचं वेबस्टर हॉल १९९५ पासून आहे, तिथे मुलांबरोबर प्रॉक्टर, म्हणजे देखरेख करणारी मोठी माणसं, राहतात, येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात.

तुम्ही ओरिएंटेशनच्या वेळी सरळ विचारा: मुलाला तक्रार करायची झाली तर कोणाकडे, ती व्यक्ती कोणत्या सिनेटरच्या हाताखाली आहे का, आणि पालकांना किती वेळात कळवतात. हे विचारायला संकोच करू नका. आणि मुलाला घरीच सांगून ठेवा की कोणी कितीही मोठा माणूस असो, पर्सनल नंबर मागितला, वेगळं भेटायला बोलावलं, की लगेच सांगायचं, 'त्यांना काय वाटेल' हा विचार करायचा नाही.

चांगल्या बाजूचं एक उदाहरण पण देते. जुलै २०२३ मध्ये रात्री उशिरा काही सिनेट पेज कॅपिटॉलच्या घुमटाखाली जमिनीवर आडवे पडून वरच्या चित्रांचे फोटो काढत होते, मुक्कामाच्या शेवटी मुलं असं करतात, तशी पद्धतच आहे तिथे. विस्कॉन्सिनचे एक हाऊस सदस्य, डेरिक व्हॅन ऑर्डन, त्यांच्यावर शिवीगाळ करत ओरडले. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये डेमोक्रॅट नेते चक शूमर मुलांच्या बाजूने उभे राहिले आणि रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनीही त्यांना साथ दिली, सगळ्यांसमोर मुलांचे आभार मानले. मोठ्यांनी असंच वागायला हवं, आणि २००६ च्या आधी हाऊसमध्ये नेमकं हेच झालं नव्हतं.

प्रश्न: मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. या मुलांनी काही ऐतिहासिक प्रसंग प्रत्यक्ष पाहिले असतील तर त्याबद्दल लिहा.

सर, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, यावर तर पानंच्या पानं लिहिता येतील.

८ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट काँग्रेससमोर युद्धाची मागणी करायला आले. हाऊसमध्ये जॉन डिंगेल नावाचा १५ वर्षांचा पेज होता. रेडिओवरचे पत्रकार फुल्टन लुईस भाषण रेकॉर्ड करणार होते, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम त्याला दिलेलं, आणि सूचना अशी की राष्ट्राध्यक्षांचं भाषण संपलं की रेकॉर्डिंग बंद करायला लावायचं. पोराने ते बंद करू दिलं नाही, चालू ठेवू दिलं. म्हणून त्यानंतरची चर्चा आज आपल्याला ऐकायला मिळते, त्यात युद्धाला विरोध करणाऱ्या सदस्य जेनेट रँकिन बोलायची परवानगी मागतायत आणि त्यांना ती मिळत नाहीये हेही ऐकू येतं. हाऊसमध्ये मतं पडली ३८८ विरुद्ध १, आणि ते एक मत रँकिन यांचं. एका शाळकरी मुलाने सूचना शब्दशः पाळली असती तर ते आवाज कायमचे गेले असते. हाच डिंगेल पुढे १९५५ मध्ये हाऊसवर निवडून आला आणि २०१५ च्या सुरुवातीपर्यंत राहिला, ५९ वर्षं, एवढी वर्षं काँग्रेसमध्ये दुसरं कोणीच बसलेलं नाही.

दुसरा प्रसंग १ मार्च १९५४ चा. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या चौघांनी गॅलरीतून खाली हाऊसवर गोळ्या झाडल्या, पाच सदस्य जखमी झाले, सुदैवाने पाचही वाचले. जखमींना स्ट्रेचरवरून बाहेर नेणाऱ्यांमध्ये पेज मुलं होती, त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, कोवळे चेहरे आणि हातात स्ट्रेचरचे दांडे. त्या मुलांपैकी बिल इमर्सन आणि पॉल कॅनजॉर्स्की हे दोघं मोठे होऊन त्याच हाऊसचे सदस्य झाले, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट.

आणि दर चार वर्षांनी ६ जानेवारीला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची मतं मोजतात, तेव्हा राज्यांची प्रमाणपत्रं असलेल्या महोगनी लाकडाच्या पेट्या सिनेटमधून घुमटाखालून हाऊसपर्यंत नेल्या जातात. त्या नेणारी ही पेज मुलं असतात. २०२१ ला मात्र कोविडमुळे पेज नव्हते, म्हणून पेट्या सिनेटच्या कर्मचाऱ्यांकडे होत्या आणि ट्रम्प समर्थकांच्या जमावाने कॅपिटॉलवर हल्ला केला तेव्हा त्यांनीच त्या सुरक्षित जागी नेल्या. त्या दिवशी ती मुलं तिथे नव्हती हे किती बरं झालं.

एक लहानशी गोष्ट पण सांगते. सिनेटच्या फ्लोअरवर पाण्याशिवाय दूध प्यायची मुभा आहे. जानेवारी २०२० मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी तासन् तास चालायची तेव्हा काही सिनेटर दुधाचे ग्लास मागवायचे, आणि ते आणून द्यायचं काम अर्थातच पेज मुलांचं.

प्रश्न: पेजला स्वतःचं राजकीय मत असलं तर चालतं का? आणि फोन?

मत असलं तर चालतं, फ्लोअरवर दाखवलं तर चालत नाही. मूल ज्या सिनेटरकडून आलं त्याच्या पक्षाच्या क्लोकरूमकडून त्याला काम मिळतं, बहुमतवाल्यांचे पेज एकीकडे आणि अल्पमतवाल्यांचे दुसरीकडे, पण राहणं, जेवण, शाळा सगळं एकत्र. कॅनडात २०११ च्या जूनमध्ये ब्रिजेट डेपाप नावाची पेज तिथल्या सिनेटमध्ये सरकारचं अभिभाषण चालू असताना पंतप्रधान हार्पर यांच्या विरोधातला फलक घेऊन मधोमध उभी राहिली, तिला लगेच काढून टाकलं. ती हायस्कूलची नव्हती, २१ वर्षांची होती आणि परिणाम माहीत असून उभी राहिली. तिच्या धैर्याबद्दल आदर आहे, पण तो विश्वास एकदा मोडला की मागून येणाऱ्या मुलांवरची नजर कडक होते, म्हणून मी कुठल्याच मुलाला तसं करायचा सल्ला देणार नाही. फोनचं म्हणाल तर फ्लोअरवर कुठलंच इलेक्ट्रॉनिक यंत्र चालत नाही.

प्रश्न: मी दहावीत आहे, टेक्सासमध्ये राहतो. बाबा ट्रक चालवतात, आमची कोणाशी काहीच ओळख नाही. ही पोस्ट ओळखीच्यांच्या मुलांनाच मिळते असं मित्र म्हणतात. अर्ज करण्यात काही अर्थ आहे का?

अरे, नक्की कर. तुझे मित्र म्हणतात त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, वर सांगितलेल्या डिंगेलचे वडील स्वतःच हाऊसचे सदस्य होते. सुरुवातीपासून हे सगळं सिनेटरच्या शब्दावर चालत आलंय. पहिला पेज ग्राफ्टन हॅन्सन, १८२९ साली, वय ९ वर्षं, त्याला सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी आणलं. दोन वर्षांनी आलेला आयझॅक बॅसेट, तोही वेबस्टर यांचाच, आणि तो १८९५ साली मरेपर्यंत सिनेटच्याच नोकरीत राहिला. शाईच्या दौती भरायच्या, शेकोटी पेटवायची अशी कामं असायची तेव्हा.

पण कोणाच्या तरी शब्दानेच हे दार उघडतही गेलं, हेही बघ. १९६५ साली न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅविट्स यांनी लॉरेन्स ब्रॅडफर्ड या कृष्णवर्णीय मुलाला पेज म्हणून नेमलं. १९७१ पर्यंत एकही मुलगी नव्हती, मुलींना हे काम झेपणार नाही, रात्री उशीर होतो असली कारणं सांगत होते, तेव्हा जॅविट्स, पर्सी आणि हॅरिस या तीन सिनेटरनी मुलींची नावं दिली आणि अडून बसले, शेवटी सिनेटला ठराव करून परवानगी द्यावी लागली. आज अर्ज कोणीही करू शकतं, अकरावीत असायला हवं, वय १६ किंवा १७, मार्क चांगले हवेत.

आता नीट ऐक. अर्ज सिनेटकडे जात नाही, तुझ्या राज्याच्या सिनेटरच्या ऑफिसकडे जातो. राज्याला दोन सिनेटर असतात, दोघांच्याही वेबसाइट बघ आणि दोघांकडेही अर्ज करता येतो का ते विचार. जागा ३० आणि सिनेटर १००, त्यामुळे प्रत्येक सत्रात प्रत्येकाला मूल पाठवायला मिळत नाही, ज्येष्ठतेप्रमाणे ठरतं. म्हणून आधी ऑफिसला फोन करून विचार की यंदा तुमच्याकडे जागा आहे का, कोणत्या सत्राची आहे आणि शेवटची तारीख काय, कारण तारखा प्रत्येक ऑफिसच्या वेगळ्या असतात. या सत्रात नसली तर पुढच्याची विचार. शिफारसपत्र तुला खरंच ओळखणाऱ्या शिक्षकांकडून घे, मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाकडून नको. आणि निबंधात 'मला देशसेवा करायची आहे' असं सगळेच लिहितात, तू बाबांच्या ट्रकबद्दल लिही. ट्रकवाल्याने सलग किती तास गाडी चालवायची, मध्ये विश्रांती किती घ्यायची, हे नियम वॉशिंग्टनलाच ठरतात. ते तुझ्या घरी जेवायच्या वेळेवर, बाबांच्या झोपेवर कसे येऊन पोचतात हे तुला माहिती आहे, आणि निवड करणाऱ्या ऑफिसातल्या माणसाला ते फारसं कोणी सांगितलेलं नसेल. पहिला खर्डा झाला की आम्हाला पाठव, सदराच्या पत्त्यावर, वाचून कळवते.